कासवासाठी यूव्हीबी ट्यूब: एका वायरमनचा अभिप्राय

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांना खाली वाचायला नको. कासवाच्या हाडाला लागणारे यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एका प्रकारचे अतिनील किरण, देणारी झू मेड कंपनीची ‘रेप्टिसन ५.० टी५ एचओ’ (टी५ म्हणजे बारीक नळी, एचओ म्हणजे हाय आउटपुट, जोरदार) ही २४ वॅटची, २२ इंची ट्यूब घेण्यासारखी आहे. तिची अमेरिकन पट्टी, म्हणजे ट्यूब बसवायची चोकसकटची फिटिंग, मात्र घेऊ नका. आणि दुकानात ‘टर्टल किट’ म्हणून जे गळ्यात मारतात, त्यातली काचेची पेटी तेवढी कामाची, तीही पुढे चिमण्यांना पाणी ठेवायला.

मी नाशिकचा, सिडकोत राहतो. सगळी उमर वायरिंगच्या कामात गेली. घरात कासव आलं ते नातीच्या वाढदिवसाला. जावईबापू घेऊन आले, डोळ्यांमागे लाल पट्टे असलेलं, इवलंसं. याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. मूळ अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्याकडचं. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, ‘हाताएवढंच राहतं.’ मादी असेल तर पाठ पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत जाते आणि नीट ठेवलं तर तीस-तीस वर्षं जगतं, हे सांगायचं राहून गेलं असावं! नातीने नाव ठेवलं गोदा. गोदा मादीच निघाली.

किटमध्ये काय होतं? एक फूटभर पेटी, प्लॅस्टिकचं माडाचं झाड, चोषकावर चिकटणारा ओटा, वाळवलेल्या बारीक कोळंबीची बरणी आणि एक क्लिपवाला निळसर दिवा. दिव्याच्या खोक्यावर ठळक अक्षरात ‘यूव्ही’. दिवा हातात आला की मी आधी त्याची पाठ बघतो, ती सवय जात नाही. मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात ३९५ एनएम, म्हणजे नॅनोमीटर, किरणांच्या लहरीचं माप. तिथेच विषय संपला होता, पण मी तो घेऊन दुकानात गेलो. दुकानदार हुशार. त्याने गल्ल्यातली पाचशेची नोट काढून दिव्याखाली धरली. ‘बघा काका, नंबर कसा चमकतोय. यूव्ही नसतं तर चमकला असता का?’

चमकणारच. नोटा तपासायचं मशीन त्याच किरणांवर चालतं. अतिनील किरणांमध्ये प्रकार आहेत. नोट चमकवायला यूव्हीए लागतं, साधारण ३१५ ते ४०० नॅनोमीटरमधलं. कासवाला हाडासाठी लागतं ते यूव्हीबी, २८० ते ३१५ मधलं. ३९५ चा एलईडी त्या पट्ट्याच्या जवळपाससुद्धा फिरकत नाही. हे मी त्याला समजावून सांगितलं, त्याने ऐकून घेतलं, आणि माझ्यासमोर दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोच दिवा दिला. असो.

यूव्हीबी एवढं का लागतं, ते थोडक्यात. कासवाची पाठ म्हणजे अंगावर चढवलेली पेटी नव्हे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच पसरून, जुळून ती ढाल झालेली असते. वर केराटिनच्या, म्हणजे आपल्या नखाच्याच पदार्थाच्या, पट्ट्या. आत रक्त खेळतं, मज्जातंतू असतात. पाठीवर बोट फिरवलेलं त्याला कळतं. हे एवढं हाड बनवायला कॅल्शियम लागतं, आणि पोटात गेलेलं कॅल्शियम रक्तात उतरायला ड जीवनसत्त्व लागतं. ते कातडीवर यूव्हीबी पडलं की तयार होतं. दिवा नसेल, ऊन नसेल, तर वरून कितीही कॅल्शियम घाला, बरंचसं आल्या वाटेनं बाहेर जातं. मग शरीर गरज भागवायला हाडातून काढतं, आणि कासवाचं सगळ्यात मोठं हाड पाठीवर आहे. कडा मऊ पडतात, पाठ वेडीवाकडी वाढते, जबडा रबरासारखा होतो. जनावरांचे डॉक्टर याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात.

बाजारात आणखी एक ठकबाजी आहे, ती वेगळी सांगतो. पिवळा, तारेचा, पंचवीस-पन्नास वॅटचा बल्ब, आणि खोक्यावर ‘यूव्हीए + यूव्हीबी टू इन वन’. तापलेल्या तारेतून उपयोगाचं यूव्हीबी निघत नाही. त्यातून ऊब मिळते, आणि ऊब कासवाला हवीच असते, पण त्याचे पैसे उबेचेच द्यावेत. एकाच बल्बातून ऊबही आणि यूव्हीबीही देणारे पाऱ्याच्या वाफेचे बल्ब असतात, ते बहुधा ८० वॅटच्या पुढचे. छोट्या पेटीवर ते लावलं तर कासव शेकून निघेल.

आता ट्यूबकडे येतो. आतली गोष्ट नेहमीच्या ट्यूबलाइटसारखीच: पाऱ्याची वाफ, आतून पावडरचा लेप. फरक लेपात आणि काचेत. साधी काच यूव्हीबी अडवते, म्हणून हिची काच वेगळी असते. खिडकीच्या बंद काचेआडून येणारं ऊन कासवाच्या पाठीला का उपयोगी नाही, याचं उत्तरही हेच. आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी पेटी उचलून काचेच्या खिडकीशी ठेवायला सांगायच्या. त्या उन्हात पाणी तापतं, शेवाळ वाढतं, बाकी काही नाही.

पट्टी का नको? ती अमेरिकन वीजदाबाची, १२० व्होल्टवर चालणारी. आपल्याकडे २३०. कोणी म्हणेल, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. लावा की, पण मग ट्यूबपेक्षा पट्टी महाग आणि पट्टीपेक्षा ट्रान्सफॉर्मर जड, नाकापेक्षा मोती जड झाला. ट्यूब मात्र जगभर एकाच मापाची असते. २४ वॅट टी५ एचओ, दोन्ही टोकांना बारीक दोन-दोन पिना, जी५. आपला २३० व्होल्टचा २४ वॅटचा इलेक्ट्रॉनिक चोक आणि दोन जी५ होल्डर घेतले की काम झालं. मागे चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून लावला, म्हणजे वर जाणारा उजेड वाया न जाता खाली येतो.

इथे एक खड्डा आहे, तो वायरमनलाच दिसतो म्हणून मुद्दाम सांगतो. टी५ मध्ये १४ वॅटची ट्यूबही येते आणि तिची लांबी २४ वॅटच्या ट्यूबएवढीच असते. दोन्हीच्या पिना सारख्या. त्यामुळे जुन्या १४ वॅटच्या पट्टीत ही ट्यूब अगदी व्यवस्थित बसते आणि पेटतेही. पेटली म्हणून माणूस खूश. पण चोक तिला पुरता करंट देत नाही, ती मंद चालते आणि यूव्हीबीही त्या हिशेबाने कमी. चोकवर ‘टी५ एचओ २४ वॅट’ छापलेलं आहे का, हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि हल्ली दुकानात ‘टी५’ मागितली की एलईडीची अखंड पट्टी हातात ठेवतात. तिचा इथे काही संबंध नाही.

उंची: कासव ओट्यावर चढून बसलं की त्याच्या पाठीपासून ट्यूब साधारण तीस सेंटिमीटरवर येईल अशी टांगली आहे, मधे काच नाही, जाळी नाही. बारीक जाळीसुद्धा बराच भाग खाते. याच कंपनीची १०.० नंबरची ट्यूब येते, ती जास्त जोरदार. पेटी खोल असेल आणि ट्यूब उंच टांगावी लागत असेल तर ती. जवळ लावायची असेल तर ५.० पुरते. जवळ म्हणजे डोक्याला टेकवून नव्हे, डोळ्यांना त्रास होतो.

ऊब देणारा दिवा ट्यूबच्या शेजारीच, त्याच ओट्यावर पडेल असा लावा. मी ५० वॅटचा हॅलोजन लावलाय, चिनी मातीच्या होल्डरमध्ये; प्लॅस्टिकचा होल्डर काही दिवसांत करपतो. दोन्ही एकाच जागी हवेत, कारण कातडीतलं ड जीवनसत्त्व पुरतं तयार व्हायला किरणांच्या जोडीला अंग तापावं लागतं. ओट्यावर ३२ ते ३५ अंश, पाण्यात २४ ते २७. पेटीच्या एका टोकाला ट्यूब आणि दुसऱ्या टोकाला बल्ब, अशी सजावट मी दोन-तीन घरांत पाहिली. दिसतं छान.

विजेचा खर्च विचारतात सगळे. दहा तास चालवली तर ट्यूबचे महिन्याला सात युनिटच्या थोडे वर, हॅलोजनचे पंधरा. टायमर लावा, रात्री अंधारच हवा.

आणि हात जोडून सांगतो: आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. ३० मिलिअँपिअरचा. पाणी, हीटर, पंप, दिवा आणि त्यात हात घालणारी लहान मुलं, असं सगळं एका जागी असताना नुसत्या एमसीबीवर विसंबू नका. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. वायर बोर्डाकडे जाताना खाली झोल ठेवून मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलातून खाली टपकेल, प्लगात शिरणार नाही. किटच्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं.

‘ऊन फुकट असताना दिवा कशाला?’ हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर असं की उघड्या उन्हाची सर कुठल्याच ट्यूबला नाही. सकाळचं कोवळं ऊन, अर्धा तास, मोठ्या टबात, अर्ध्या टबावर सावली, आणि माणूस शेजारी बसलेला. माणूस यासाठी की आमच्या गच्चीवर कावळे आणि घारी दोन्ही येतात, आणि यासाठी की उथळ टबातलं पाणी उन्हाळ्यात बघता बघता कढत होतं. सावली नसेल तर कासव त्यातच मरतं. मार्च ते मे आमची ट्यूब बरेचदा बंद असते. पण जून ते सप्टेंबर नाशकात आभाळ उघडत नाही. ज्यांचा फ्लॅट उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यांना बाराही महिने पावसाळाच. ट्यूब त्यांच्यासाठी.

थंडीत पाण्याला हीटर लागतो. निफाडच्या थंडीच्या बातम्या वाचता ना, ती थंडी सिडकोतही येते. पाणी गार पडलं की कासव खाणं सोडतं आणि पचनही थांबतं. काचेचा हीटर घेतलात तर भोवती प्लॅस्टिकचा पिंजरा हवाच. गोदा धडका मारते.

आता खाणं. त्याशिवाय ट्यूबचा अभिप्राय अर्धवट राहील, कारण दिवा नुसती वाट उघडतो, माल पोटातूनच यायचा. किटमधली वाळवलेली कोळंबी म्हणजे कासवाचा वडापाव. हपापून खातं, तीच दिली तर दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही, आणि अ जीवनसत्त्वाची बोंब होऊन डोळे सुजतात. नुसतं चिकन किंवा कलेजी देणारेही आहेत. मांसात फॉस्फरस फार, कॅल्शियम नावाला. कासवाच्या खाण्यात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असायला हवं, मांसात गणित उलटं. डब्याच्या मागे हे दोन आकडे शोधा. दोन्ही छापलेले नसतील तर डबा परत फळीवर.

आम्ही टेट्राच्या ‘रेप्टोमिन’ कांड्या देतो. पाण्यावर तरंगतात, त्यामुळे उरलेल्या लगेच उचलता येतात, पाणी कमी घाण होतं. वास सोसवेल असा. तक्रार एकच, आयात माल असल्याने कधी मिळतो, कधी नाही, म्हणून एक डबा शिल्लक ठेवावा लागतो. एका वेळी किती द्यायच्या? कासवाच्या डोक्याएवढा ढीग, बस्स. पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. कासव काचेशी येऊन भिकाऱ्यासारखं हात मारत राहतं, त्याला भुलू नका. जास्त प्रोटीन खाऊन भरभर वाढलेल्या कासवाच्या पट्ट्या वेळेवर सुटत नाहीत, थरावर थर साचतात.

मोठं होत जातं तसा पाला वाढवायचा. शेवग्याचा कोवळा पाला, लेट्युस, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. राजगिऱ्याच्या पाल्याचंही तेच. पाण्यावर तरंगणारी बारीक टिकलीसारखी वनस्पती, डकवीड, ती गोदा रात्रीत फस्त करते. जलपर्णीही खाते, पण गोदावरीतून उपसून आणायचा मोह टाळा, त्या पाण्यात काय काय असतं ते आपण नाशिककरांनीच बोलायला नको.

कॅल्शियमचे पांढरे ठोकळे येतात, कासवाच्या आकाराचे वगैरे. पाण्यात विरघळून पाणी दुधाळ होतं आणि कासव त्याला तोंडही लावत नाही. त्यापेक्षा रविवार कारंज्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात जा आणि समुद्रफेन मागा. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तेच ते, माकुलाच्या पाठीतलं पांढरं हाड. एका बाजूची कडक पापडी सुरीने खरवडून काढायची, तुकडा उकळत्या पाण्यातून काढून धुवायचा आणि सोडायचा पाण्यावर. गोदा आठवडाभर ढुंकून बघत नाही, मग एक दिवस कडेने अर्धचंद्राकार चावे घेतलेले दिसतात. किंमत ठोकळ्याच्या पावपटही नाही.

पाठीला लावायचं ‘शेल कंडिशनर’ नावाचं तेल मिळतं. घेऊ नका. खोबरेलही चोळू नका, जरी आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा तेच सांगतो. तेलाने धूळ बसते, ओल अडकते. पाठीला लागतं ते रोजचं पूर्ण कोरडं होणं. चोषकावरचा ओटा कासवाच्या वजनाने पाण्यात गेला की कोरडी जागाच उरत नाही, आणि अर्धवट ओल्या, घाण पाण्यात राहणाऱ्या कवचावर मग खळगे पडतात, मऊ डाग, कुजका वास. ते कवच सडणं; त्याला जनावरांचा डॉक्टर लागतो, घरगुती हळद नाही. मी ओटा वायरिंगच्या पीव्हीसी पाइपातून बनवला, वर फॉल्स सीलिंगच्या दिव्यांची पांढरी चौकड्यांची जाळी. पाणी निथळून जातं, पोटाकडची बाजूही वाळते. पाइप आणि काच यांच्यात कासव अडकेल अशी फट मात्र ठेवू नका, पाण्याखाली अडकलं तर बुडून मरतं.

फिल्टर घेताना पेटीच्या लिटरच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्या. माशांच्या हिशेबाने छापलेला आकडा कासवाला पुरत नाही. पेटीचा अंदाज: पाठीच्या दर इंचाला चाळीसेक लिटर पाणी. गोदाची पाठ आता सहा इंचांवर गेली आहे, करा हिशेब. चार फुटी टँक हॉलमध्ये आहे आणि सोफा गॅलरीत.

फरक पडला का? आली तेव्हा मागच्या कडेच्या पट्ट्या अंगठ्याखाली लवायच्या. लहानपणी थोडं लवणं चालतं, पण एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, हाड पातळ आहे. आता दाबून बघितलं तर टणक लागतं. पट्ट्यांच्या मधल्या शिवणीत फिकट, नव्या वाढीची रेघ दिसते. मधे पाच, दोन्ही बाजूंना चार-चार आणि कडेने पंचवीस, अशा अडतीस पट्ट्या नातीने मोजून वहीत काढल्यात. त्यातली एखादी कधीतरी सुटून पाण्यावर येते: पातळ, पारदर्शक, उजेडात धरली की तपकिरी नक्षी दिसते. ‘आजोबा, गोदा फुटली!’ म्हणून पहिल्यांदा घर डोक्यावर घेतलं होतं. पातळ आणि कोरडी सुटली तर ते चांगलं लक्षण. खाली लाल, ओलं किंवा मऊ दिसलं तर मात्र डॉक्टर. हा सगळा गुण एकट्या ट्यूबचा असं मी म्हणणार नाही. खाणं, ओटा, पाणी सगळं एकदमच बदललं.

ट्यूबचे दोष. एक, ती डोळ्यांना फसवते. यूव्हीबी हळूहळू कमी होत जातं पण उजेड तसाच राहतो, म्हणून पेटते आहे तोवर चालू द्या हे इथे चालत नाही. कंपनी वर्षाने बदला म्हणते. मी टोकाच्या धातूच्या टोपीवर मार्करने तारीख घालून ठेवतो. दोन, काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो, घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात फेकू नका. तीन, किंमत. तेवढ्या पैशात साध्या डझनभर ट्यूब येतील, आणि ही दरवर्षी.

किटवाल्या दुकानात हळू आवाजात ‘स्टार कासव पाहिजे का?’ असंही विचारतात. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं ते आपलं देशी कासव, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पाळणं गुन्हा आहे. स्लायडरचं उलटं, ते परदेशी, म्हणून कंटाळा आला की लोक रामकुंडात नाहीतर देवळाच्या तळ्यात सोडून पुण्य कमावतात. तिथे ते आपल्या कासवांच्या खाण्यावर आणि बसायच्या जागेवर कब्जा करतं. सांभाळायला जमत नसेल तर घेणारं घर शोधा.

कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं, साल्मोनेला नावाचे जंतू त्याच्या अंगावर असू शकतात.

ट्यूब मागवणार असाल तर एकच सूचना: कुरिअरवाल्यासमोर खोकं उघडा आणि उघडताना मोबाइलवर चित्रण करा. दोन फुटी काचेची नळी आहे, आमची पहिली तुकड्यांत आली होती. विकणाऱ्याने चित्रण पाहिलं आणि वाद न घालता दुसरी पाठवली. त्या एका बाबतीत पाचपैकी पाच; ट्यूबला चार, एक तारा दरवर्षीच्या खर्चापायी कापला. किटला द्यायला माझ्याकडे काही नाही.